विलंबाचे कारण : मध्य रेल्वेच्या सहप्रवाशांना खुले पत्र

मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांनी रोज ये-जा करणाऱ्या माझ्या सर्व सहप्रवासी भगिनींना आणि बंधूंना,

स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी रेल्वे प्रशासनाला लिहिणार होते. मजकूर मनात जुळवू लागले तेव्हा लक्षात आले, की मला जे सांगायचे आहे ते आधी आपणच एकमेकांना सांगायला हवे, म्हणून ते तुम्हाला लिहीत आहे.

गेली एकोणीस वर्षे मी डोंबिवली ते दादर असा प्रवास करते. तुमच्यातल्या कित्येकींची नावे मला ठाऊक नाहीत, पण तुमच्या डब्यातली भाजी, तुमच्या मुलीची बारावी आणि तुमच्या सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मला ठाऊक आहे. नवरात्रात आपण ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून येतो, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणे बांधतो, ठाण्याला कोण उठणार आणि तिच्या जागी कोण बसणार हे कोपर यायच्या आत ठरवून घेतो. कोणाला चक्कर आली तर पाण्याच्या चार बाटल्या एकदम पुढे होतात. आपण कोरड्या मनाची माणसे नाही, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकते, आणि म्हणूनच गाडी थांबल्यावर आपल्या तोंडून जे निघते त्याबद्दल बोलणे मला गरजेचे वाटते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची एका गुरुवारची गोष्ट आहे. गाडीने कोपर सोडले आणि दिवा यायच्या आत ती थांबली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. दारातल्या मुलीने मोबाइलवर पाहून सांगितले, की पुढच्या गाडीखाली कोणीतरी आले आहे. आमच्या कार्यालयात त्या दिवशी दहा वाजता लेखापरीक्षक येणार होते आणि कागदपत्रांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी घड्याळाकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यांना मरायलासुद्धा ऑफिसचीच वेळ सापडते." कोणी दचकले नाही. समोरच्या ताईंनी मान डोलावली, एकजण "नाहीतर काय" म्हणाली, आणि तिसरीने गेल्याच आठवड्यात तिला लागलेल्या लेट मार्कची हकिगत सुरू केली.

थोड्या वेळाने गाडी हळूहळू पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. मी खिडकीत बसले होते. शेजारच्या रुळांच्या कडेने चार हमाल स्ट्रेचर घेऊन चालले होते, वर निळे प्लास्टिक टाकलेले होते आणि पुढे एक पोलीस होता. त्यांच्या बराच मागे आणखी एक माणूस राहिला होता. त्याच्या हातात एक तपकिरी चपल होती आणि तो खडीत इकडेतिकडे बघत उभा होता. रुळांखालच्या पाच-सहा स्लीपर मागे जाऊन तो वाकला, दुसरी चपल उचलली, तिच्यातले पावसाचे पाणी झटकले आणि भरभर चालत स्ट्रेचर गाठून त्याने त्या दोन्ही चपला जोडीने पायथ्याशी ठेवल्या. घरी आलेल्या पाहुण्याच्या चपला उंबऱ्याबाहेर कोणी सरळ करून ठेवाव्यात, तशा. मग आमची गाडी सुटली.

तोपर्यंत माझ्या लेखी तिथे माणूस नव्हताच. सिग्नलचा बिघाड असतो, ओव्हरहेड वायर तुटलेली असते, तसा तोही एक खोळंबा होता. त्या चपला पाहिल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आले, की सकाळी त्याही कोणीतरी घाईघाईने पायात सरकवल्या असतील.

कार्यालयात मी ३५ मिनिटे उशिरा पोहोचले. लेखापरीक्षकही त्याच खोळंब्यात अडकल्यामुळे अजून आलेले नव्हते. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांसाठी एक रजिस्टर आहे आणि त्यात "विलंबाचे कारण" असा एक रकाना आहे. त्यात मी "गाडी उशिरा" असे लिहून सही केली. माझ्या वरच्या चार ओळींतही तेच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी तीन वर्तमानपत्रे चाळली. कोपर-दिवा दरम्यानच्या त्या अपघाताची एक ओळसुद्धा कुठे नव्हती. अशा घटना इतक्या होतात, की प्रत्येकीची बातमी छापायची म्हटले तर रोज जागा राखून ठेवावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये एका जनहित याचिकेच्या सुनावणीत २०२३ या वर्षाचा आकडा मांडला गेला. त्या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसे मृत्युमुखी पडली होती, म्हणजे दिवसाला सरासरी सात. ही स्थिती लाजिरवाणी असल्याचे न्यायालयाने म्हटले. रोज सात याचा अर्थ असा, की ज्या दिवशी आपली गाडी अगदी वेळेवर येते आणि आपण आनंदाने चौथ्या सीटवर टेकतो, त्या दिवशीही या मार्गांवर कुठेतरी ते स्ट्रेचर उचलले गेलेले असते. फक्त ते आपल्या गाडीच्या आड आलेले नसते.

ही माणसे कोण असतात, हा प्रश्न आपण स्वतःला नीट विचारत नाही. "रूळ कशाला ओलांडायचे, पूल नाही का?" असे आपण पटकन म्हणतो. पूल बहुधा असतो, पण तो स्थानकाच्या एका टोकाला असतो, वस्ती दुसऱ्या टोकाला असते, जिना चढायला रांग लागलेली असते आणि गाडीची घोषणा झालेली असते. रुळांच्या दोन्ही बाजूंना घरे, शाळा, बाजार वाढत गेले आणि वाटा मागे राहिल्या. रूळ ओलांडणे गुन्हा आहे आणि तो करू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या घाईने तो माणूस रुळांवर उतरला, ती घाई आणि गाडी थांबल्यावर घड्याळ बघणाऱ्या माझी घाई एकाच ठिकाणाहून आलेली आहे. लेट मार्कची भीती त्यालाही होती. तीन लेट मार्कला अर्धी रजा हा हिशेब त्यालाही कोणीतरी शिकवला होता. त्याच्या जागी मी आणि माझ्या जागी तो असता, तर कदाचित मी बोलले तेच वाक्य तो बोलला असता.

९ जून २०२५ च्या सोमवारी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यानच्या वळणावर, एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले, त्यांत लोहमार्ग पोलिसांचा एक जवान होता. त्यानंतर आपण सगळेच हळहळलो, कारण त्या दिवशी त्याची मोठी बातमी झाली होती आणि मरणारे सरळसरळ आपल्यासारखे होते: तीच वेळ, तीच गाडी, पाठीला तशीच सॅक. दारात लटकणाऱ्या मुलांना आपण हौशी समजतो. त्यांतली काही असतीलही, पण सकाळी साडेआठ-नऊच्या गाडीला दारात लटकणाऱ्या बहुतेकांना आत शिरायला जागाच मिळालेली नसते, आणि पुढच्या गाडीतही ती मिळणार नसते. मुंब्र्याच्या चौघांसाठी जे आपल्या पोटात कालवले, ते एकट्यादुकट्याने जाणाऱ्या सातांसाठी कालवत नाही, एवढाच फरक मला दाखवायचा आहे.

उशिरामुळे होणारा त्रास खोटा आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. माझा लेट मार्क फार तर माझी अर्धी रजा खातो. आपल्याच डब्यातून मुलुंडला चार घरची कामे करायला जाणाऱ्या मावशींना पहिल्या घरी पोहोचायला अर्धा तास उशीर झाला, तर पुढची तिन्ही घरे बोलतात आणि महिन्याचे पैसे कापून घेतात. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराचा तर पूर्ण दिवसाचा खाडा होतो. बदलापूरहून परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख घेऊन निघालेल्या बाईंना मी गाडी थांबल्यावर रडताना पाहिले आहे. या लोकांनी कपाळाला हात लावला, तर त्यांना समजुतीच्या चार गोष्टी सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारी बाईला नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की हा राग जाऊन पडतो तो अशा एकमेव माणसावर, जो त्याला उत्तर देऊ शकत नाही. अपुऱ्या गाड्या, अरुंद पूल, दोन टोकांच्या मध्ये कुठेही नसलेली सुरक्षित वाट, फलाट आणि गाडी यांच्यातली पोकळी या सगळ्यांबद्दल रागावण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात त्या पोकळीत पडून एका कॉलेजच्या मुलीने दोन्ही हात गमावले, तेव्हा लोक संतापले आणि त्यानंतर फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. योग्य ठिकाणी पोहोचलेल्या रागाने कामे होतात, हे आपण पाहिलेले आहे.

आता एका प्रसंगाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या दिवशी आपण सगळे सर्वांत जास्त चुकलो असे मला वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य रेल्वेचा एक मोटरमन रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून मरण पावला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कल्याणला त्याचा अंत्यविधी होता. त्याचे सहकारी मोटरमन त्याला निरोप द्यायला गेले आणि त्यांच्याअभावी लोकलच्या फेऱ्या मोठ्या संख्येने रद्द झाल्या. संध्याकाळी फलाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती. मीही दादरला त्या गर्दीत उभी होते आणि भोवतालचे बोलणे ऐकत होते. "एक माणूस गेला म्हणून सगळ्या गाड्या बंद करायच्या का?" हे वाक्य मी त्या संध्याकाळी किती वेळा ऐकले, ते मोजले नाही.

त्या वाक्याला उत्तर द्यायचे तर मोटरमनचे काम कसे चालते ते आठवावे लागते. बारा डब्यांची भरलेली गाडी वेगात असताना ब्रेक मारला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. समोर माणूस दिसतो, हॉर्न दिला जातो, ब्रेक लावला जातो, आणि तरीही जे व्हायचे ते मोटरमनला काचेतून बघावे लागते. त्यानंतर कळवायचे, थांबायचे, आणि अनेकदा तीच गाडी पुढे न्यायची, कारण मागे आपण हजारो लोक घड्याळ बघत बसलेलो असतो. रोजच्या सात मृत्यूंपैकी कितीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे होतात. अशा माणसांचा एक सोबती त्याच रुळांवर, त्याच तऱ्हेने गेला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलेल्यांनी त्याला पोहोचवायला जावे, यासाठी आपली एक संध्याकाळ आपण द्यायला हवी होती. गावाकडे शेजारी मयत झाले तर आपल्या घरची चूल थांबते आणि त्याबद्दल कोणी हिशेब मागत नाही. आमच्या आळीत तर तिरडी उचलेपर्यंत पिठाची गिरणीसुद्धा बंद असे. इतक्या कमी मोटरमनवर ही सेवा कशी चालवली जाते, की एका अंत्ययात्रेने ती कोलमडावी, हा प्रश्न खरा विचारण्यासारखा होता. फलाटावर तो विचारणारे मला फारसे कोणी भेटले नाही.

गाडी थांबलेली असताना कितीतरी हात मोबाइलसकट खिडकीबाहेर निघतात, त्याबद्दलही लिहायला हवे. आपले गाडीगाडीचे व्हॉट्सॲप ग्रुप उपयोगाचे आहेत, कुठली गाडी किती उशिरा आहे ते तिथे सगळ्यांत आधी कळते. पण "कोपरला एक गेला, २० मि. लेट" या ओळीसोबत फोटो येतो, तेव्हा तो ज्याचा आहे त्याच्या घरी बहुतेक वेळा अजून फोनही गेलेला नसतो. लोहमार्ग पोलिसांना ओळख पटवायची असते, पंचनामा व्हायचा असतो, रुग्णालयात न्यायचे असते, आणि या सगळ्याच्या आधी एखाद्या घरातल्या मुलीला बापाचा चेहरा कोणाच्या तरी फॉरवर्डमध्ये दिसतो. हे आपण आजपासून, या क्षणापासून थांबवू शकतो. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. तसेच गाडी थांबली की उड्या मारून रुळांवरून चालत निघण्याची जी सवय आपल्याला आहे, तीही सोडायला हवी. एका मृत्यूमुळे गेलेली वीस मिनिटे वाचवण्याच्या नादात दुसऱ्याचा जीव जातो.

प्रशासनाकडे आपण प्रवासी संघटनांमार्फत एक साधी मागणी करावी, असे मला वाटते. अपघात झाला असेल तर डब्यात आणि फलाटावर तसे स्पष्ट सांगितले जावे. "तांत्रिक कारणामुळे गाड्या विलंबाने धावत आहेत, होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य ऐकून आपल्या मनात यंत्राबद्दलचा वैताग जागा होतो. "रुळांवर अपघात झाला आहे, जखमी व्यक्तीला हलवण्याचे काम चालू आहे, थोडा वेळ लागेल" असे कोणी सांगितले, तर निदान आपण कशासाठी थांबलो आहोत हे आपल्याला कळेल. माणसांना कारण कळले, की ती थांबतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, जखमींना त्याच चादरींत घालून रुग्णालयांत पोहोचवले. पुढे या शहराचे कौतुक झाले ते दुसऱ्या दिवशी लोक वेळेवर कामावर गेले म्हणून. मला ते कौतुक कधीच पटले नाही. चादर घेऊन धावलेल्या माणसांनी त्या संध्याकाळी जे केले, ते कामावर वेळेत जाण्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

पहिल्या वर्गाच्या डब्यात बसणारे आणि दुसऱ्यांच्या हजेरीवर सही करणारे जे आपल्यात आहेत, त्यांना वेगळी विनंती आहे. ज्या दिवशी अपघाताने गाड्या खोळंबल्या, त्या दिवशी लेट मार्क लावू नका, आणि तसा नियम लेखी करून ठेवा, म्हणजे शिपायाला साहेबांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही. ज्यांच्या घरी मावशी कामाला येतात त्यांनीही हे लक्षात घ्यावे. उशिराची शिक्षा थोडी सैल झाली, तर उद्या एखादा जण पूल चढून येईल, एखादी पुढच्या गाडीसाठी थांबेल.

त्या गुरुवारनंतर मी पासच्या मागे घरचा फोन नंबर लिहून ठेवला आहे, आणि तुम्हीही ठेवावा. ओळख न पटल्यामुळे आपले माणूस कुठल्या रुग्णालयात शोधायचे ते न कळणारी घरे कमी नाहीत.

त्यानंतर माझी गाडी अशा कारणाने पाच वेळा थांबली. पाचही वेळा आधी चीड आली, हे मी लपवणार नाही. पण रजिस्टरात मी आता "गाडी उशिरा" असे लिहीत नाही. "कळव्याजवळ रुळांवर एका व्यक्तीचा अपघाती मृत्यू" किंवा ज्या ठिकाणी जे झाले असेल ते लिहिते. तो रकाना अरुंद असल्यामुळे अक्षर बारीक काढावे लागते. आस्थापना शाखेतल्या बाईंनी एकदा विचारले, की इतके कशाला लिहिता, "गाडी उशिरा" पुरे आहे. मी त्यांना त्या चपलांबद्दल सांगितले. त्यांनी काही न बोलता माझ्या ओळीपुढे सही केली. तुमच्याकडे असे रजिस्टर असेल आणि त्यात तो रकाना असेल, तर तो खरा भरावा, एवढी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहिले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डोंबिवलीची एक पासधारक